दर बदलायचाय, पण वेबसाइट कुणाच्या हातात?

मोहर टिकला, कैरी धरली, पहिल्या पेट्यांची बोलणी सुरू झाली, की रत्नागिरीच्या बागायतदारांकडून आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. साइट संगणकावर नीटनेटकी दिसते, पण फोनवर पेटीचा दर पडद्याबाहेर जातो. मे महिन्याचा खोलीचा दर बदलायचाय, पण ज्याने साइट केली तो दुसऱ्या गावी गेला आणि पासवर्डही त्याच्याकडेच आहे. कुणी विचारतं, फिग्मात केलेलं डिझाइन हातात आहे, मग वेबसाइट कुठे आहे?

वरवर पाहता हे प्रश्न वेगवेगळे आहेत, पण त्यांचं उत्तर एका कसोटीवर तपासता येतं. आज रात्री जेवणं आटोपल्यावर, घरी बसून, तुम्हाला स्वतःला साइटवरचा एक दर बदलता येतो का? आणि बदललेला दर फोनवर सरळ, वाचता येईल असा दिसतो का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर साइट तुमची आहे. नसेल तर पुढचं नीट वाचा.

रिस्पॉन्सिव्ह म्हणजे नेमकं काय

छापील पत्रकाचं माप ठरलेलं असतं. वेबपानाचं माप मात्र वाचणाऱ्याच्या पडद्यावर ठरतं. पडद्याच्या रुंदीप्रमाणे जी मांडणी आपोआप बदलते ती रिस्पॉन्सिव्ह. हा शब्द ईथन मार्कॉट या डिझायनरने २०१० मध्ये रूढ केला. तत्त्व आपल्याला परकं नाही. मोठ्या पेटीत आंब्याच्या ओळी जास्त बसतात, लहान खोक्यात कमी. खोकं लहान मिळालं म्हणून कुणी आंबा कापत नाही, आपण ओळी बदलतो. वेबपानावरही मजकूर तोच ठेवायचा आणि ओळी बदलायच्या.

हे फक्त सोयीसाठी नाही. गूगल आता साइटची नोंद घेताना तिचं फोनवरचं रूप पाहतं. संगणकावर दर आहे आणि फोनवर तो काढून टाकलाय, तर गूगलच्या लेखी तो नसल्यातच जमा.

कोणतं सॉफ्टवेअर निवडावं

‘डिझाइनचं सॉफ्टवेअर’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

- आराखडा आखणारी साधनं. फिग्मा हे यातलं परिचित नाव. इथे पान कसं दिसेल ते ठरतं. घराचा नकाशा आणि घर यांत जो फरक, तोच इथे आहे. कुणी फक्त फिग्माची फाइल दिली, तर ती साइटमध्ये उतरवण्याचं काम अजून बाकी आहे असं समजा आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे ते आधीच ठरवा.
- ओढा आणि ठेवा पद्धतीच्या तयार सेवा. विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो या त्यातल्या. साइट त्यांच्याच सर्व्हरवर राहते. सुरुवात सोपी होते, सुरक्षिततेची बरीच काळजी तेच घेतात. मात्र विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवण्याच्या दुसऱ्या जागेवर, नेता येत नाही. वेबफ्लोमधून पानांचा कोड बाहेर काढता येतो, पण फॉर्म आणि सतत बदलणाऱ्या नोंदींची सोय त्याच्यासोबत चालत नाही.
- वर्डप्रेस आणि त्यावरचे दृश्य संपादक. वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर २०१८ पासून आहे. एलिमेंटरसारखं प्लगिन वरून जोडता येतं. सगळी साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येते, हा मोठा फायदा. वेळोवेळी अपडेट करणं आणि बॅकअप घेणं मात्र तुमच्याकडे येतं.

निवड करताना दोन जुने दाखले आठवा. अडोबीचं म्यूझ हे कोड न लिहिता साइट बांधण्याचं सॉफ्टवेअर अनेकांनी आवडीने वापरलं, पण मार्च २०२० मध्ये त्याचा आधारच संपला. गूगल बिझनेस प्रोफाइलवर फुकट मिळणारी एकपानी साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि जुना पत्ता १० जून २०२४ पर्यंतच प्रोफाइलकडे वळवला गेला. ज्यांनी पाटीवर आणि कार्डावर तोच पत्ता छापला होता, त्यांना सगळं नव्याने छापावं लागणार हे उघड होतं. म्हणून सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पत्ता म्हणजे डोमेन मात्र वेगळं आणि स्वतःच्या नावावर घ्या. उद्या साधन बदललं तरी पाटी बदलायला नको.

साधा सल्ला असा: चार-पाच पानांची साइट आणि वर्षातून दोनदा बदल, एवढंच असेल तर तयार सेवा पुरते. दरवर्षी माल विकायचा असेल, पानं वाढणार असतील, तर वर्डप्रेस बरं.

मांडणी बांधण्याच्या पायऱ्या

१. सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर क्रम लिहा. फोनवर एकाखाली एक काय येणार, त्याची यादी करा. आंब्याच्या साइटसाठी: काय उपलब्ध आहे, आजचा दर, कुठे पोचवता, मागणी कशी नोंदवायची, मग बागेची माहिती. निवासासाठी: खोल्या, दर, जेवण, रस्ता, फोन. आजोबांनी लावलेल्या कलमांची गोष्ट जरूर सांगा, पण दराच्या खाली.

२. आधी फोनचं माप धरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पानाची रुंदी ३६० ते ४१२ पिक्सेल धरली जाते. ३६० वर पान नीट बसवा, मग मोठ्या पडद्याकडे जा. काही साधनांत, उदाहरणार्थ वेबफ्लोत, मूळ नियम संगणकाच्या मापावर असतात आणि तेच खाली लहान पडद्यांना लागू होतात. तिथेही निर्णय फोन डोळ्यांसमोर ठेवूनच घ्या.

३. वस्तू मोकळ्या सोडू नका, खोक्यांत ठेवा. चित्र हवं तिथे ओढून ठेवलं की त्या एका पडद्यावर ते छान दिसतं आणि बाकी सगळीकडे मजकुरावर चढतं. कंटेनर, कॉलम, ग्रिड यांचाच वापर करा. फिग्मात ऑटो लेआउट वापरा. रुंदी ठरावीक पिक्सेलमध्ये देण्याऐवजी टक्क्यांत द्या आणि वर कमाल मर्यादा घाला.

४. ब्रेकपॉइंट मोजकेच ठेवा. ज्या रुंदीवर मांडणी बदलते तो ब्रेकपॉइंट. एलिमेंटरमध्ये टॅबलेटसाठी १०२४ आणि मोबाइलसाठी ७६७ पिक्सेल आधीच ठरलेले असतात. बहुतेक छोट्या साइटना तेवढे पुरतात. प्रत्येक फोनसाठी वेगळा ब्रेकपॉइंट करत बसलात, तर पुढच्या वर्षी तो सगळा पसारा तुम्हालाच आवरावा लागेल.

५. दराचा तक्ता मोडून मांडा. पाच रकान्यांचा तक्ता फोनवर मावत नाही. प्रत्येक आकाराचा वेगळा चौकोन करा: वर आंब्याचा आकार, खाली डझनाचा दर, मग पेटीचा. संगणकावर ते चौकोन शेजारी बसतील, फोनवर एकाखाली एक.

६. फोटो हलके करा. फोनने काढलेला फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि कित्येक एमबीचा असतो. वरच्या मोठ्या चित्राला साधारण १६०० पिक्सेल पुरतात. वेबपी प्रकारात साठवून ते दोन-तीनशे केबीपर्यंत आणा. आरे-वारेच्या रस्त्यावर गाडी थांबवून, जेमतेम रेंजवर तुमची साइट उघडणारा पाहुणा मोठ्या व्हिडिओची वाट पाहणार नाही.

७. बोटाला जागा द्या. बटण किमान ४८ पिक्सेल उंच असावं आणि दोन बटणांत अंतर असावं. मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. फोन नंबर असा जोडा की दाबताच कॉल लागेल.

देवनागरीसाठी वेगळी काळजी

बहुतेक तयार टेम्पलेट इंग्रजी अक्षरांसाठी आखलेली असतात. त्यात मराठी मजकूर ओतला की मांडणी बिघडते आणि दोष आपल्या भाषेवर येतो. खरा दोष सेटिंगचा असतो.

- अक्षरांतलं अंतर शून्य ठेवा. इंग्रजी मथळ्यांसाठी दिलेलं लेटर स्पेसिंग मराठीत शिरोरेषेचे तुकडे पाडतं.
- ओळींतलं अंतर वाढवा. इंग्रजी मथळ्याला १.१ किंवा १.२ पट चालतं. मराठीत वरची वेलांटी-मात्रा आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. मथळ्याला १.३ ते १.४, मजकुराला १.६ पट ठेवून पाहा.
- युनिकोडच वापरा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं पत्रक साइटवर चिकटवलं की निरर्थक चिन्हं दिसतात. आधी ते युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांखालून घाला.
- फाँट एक किंवा दोनच. मुक्त, बालू, नोटो सॅन्स देवनागरी हे मोफत आणि वाचायला सोपे आहेत. जादा जाडीसाठी अनेकदा वेगळी फाइल उतरते, म्हणून साधी आणि ठळक एवढ्या दोनच घ्या.
- दोन्ही कडा सरळ करू नका. आपले शब्द लांब असतात. अरुंद पडद्यावर जस्टिफाय केलं की ओळीत भगदाडं पडतात. डावीकडून सरळ ठेवा.
- पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. वर्डप्रेसच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये ही सोय आहे. त्यामुळे वाचून दाखवणारी साधनं मजकूर मराठी म्हणून वाचतात, आणि ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात त्यात ते दिसू शकतात.

नेहमी होणाऱ्या चुका

- दरपत्रक चित्र म्हणून टाकणं. व्हॉट्सअॅपवरचं पोस्टर साइटवर चढवलं की फोनवर अक्षरं मुंगीएवढी होतात, गूगलला मजकूर नीट मिळत नाही आणि दर बदलला की पोस्टर पुन्हा करून घ्यावं लागतं. दर नेहमी मजकूर म्हणूनच टाइप करा.
- फोनसाठी आणि संगणकासाठी एकच भाग दोनदा बनवणं. एक फोनवर लपवलेला, दुसरा संगणकावर. दिसायला सोपा उपाय, पण दर बदलताना एकच भाग बदलला जातो. मुंबईचं गिऱ्हाईक ऑफिसात संगणकावर एक दर वाचतं, घरी फोनवर दुसरा. विश्वास इथेच जातो. एकच भाग ठेवा, त्याची मांडणी बदला.
- लपवणं आणि पुसणं यांत गल्लत. मोबाइल दृश्यात असताना एखादी गोष्ट डिलीट केली, तर बहुतेक साधनांत ती सगळीकडून जाते. फक्त फोनवर नको असेल तर लपवण्याचा पर्याय वापरा. पण लपवलेली चित्रंही अनेकदा उतरतातच, त्यामुळे पान हलकं झालं असं धरू नका.
- नकाशाची ठरलेली रुंदी. गूगल मॅपचा तयार कोड ६०० पिक्सेल रुंदीचा येतो. तो तसाच चिकटवला की ३६० पिक्सेलच्या फोनवर अख्खं पान आडवं सरकू लागतं. रुंदी शंभर टक्के करा.
- पैसे घेण्यासाठी फक्त क्यूआर कोड देणं. ज्या फोनवर साइट उघडली त्याच फोनच्या कॅमेऱ्याने समोरचा कोड स्कॅन करता येत नाही. शेजारी यूपीआय आयडी मजकुरात द्या, म्हणजे तो कॉपी करता येईल.

जुनी साइट बदलताना

हंगामाच्या तोंडावर अख्खी साइट नव्याने करायला घेऊ नका. मोठे बदल पावसाळ्यात करा, मार्चनंतर फक्त दर आणि उपलब्धता.

१. आधी पूर्ण बॅकअप घ्या. एक प्रत तुमच्या संगणकावर आणि एक गूगल ड्राइव्हसारख्या दूरच्या जागी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती या खरं तर एकच प्रत असतात.
२. शक्य असेल तर बदल साइटच्या वेगळ्या प्रतीवर करून पाहा. अनेक होस्टिंग कंपन्या स्टेजिंग नावाने ही सोय देतात.
३. पानांचे पत्ते बदलू नका. बदलावेच लागले, तर जुना पत्ता नव्याकडे वळवा.
४. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी वर्डप्रेस, मग थीम, मग प्लगिन. प्रत्येक वेळी फोनवर पाहा.
५. बदल दिसत नसेल तर कॅश साफ करा आणि खासगी विंडोत पान उघडून बघा. जुनी साठवलेली प्रत दिसल्याने घाबरून तोच बदल पुन्हा पुन्हा केला जातो.

तपासणी: अर्ध्या तासाचं काम

- क्रोममध्ये एफ १२ दाबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एम. पडद्याची रुंदी ३२० पासून हळूहळू वाढवत न्या. जिथे मोडतं ती रुंदी टिपून ठेवा.
- गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये मोबाइलचा निकाल बघा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हे गूगलचं चांगल्या पानाचं माप आहे.
- घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून साइट उघडा.
- भर दुपारी अंगणात उभं राहून वाचा. फिकट राखाडी अक्षरं उन्हात गायब होतात.
- घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा, दोन पेट्यांची मागणी नोंदवा. मध्ये काही सुचवू नका. ते जिथे अडतील तिथे तुमचं गिऱ्हाईकही अडेल.

तुमचे हक्क

- डोमेन: नोंदणी तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या फोन नंबरवर हवी. डिझायनर घाईत स्वतःच्या खात्यातून डोमेन घेऊन टाकतो. काम सुरू होण्याआधीच हे स्पष्ट करा.
- चाव्या: होस्टिंग, वर्डप्रेसचं अॅडमिन खातं किंवा तयार सेवेचं मालकीचं खातं तुमच्याकडे. डिझायनरला वेगळं खातं द्या, काम संपलं की ते बंद करा.
- कॉपीराइट: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेतलेल्या डिझाइनचा हक्क केवळ पैसे दिल्याने आपोआप तुमच्याकडे येत नाही. हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचे पहिले मालक मात्र, वेगळा करार नसेल तर, तुम्ही असता.
- मूळ फाइल: फिग्माची फाइल, मोठ्या मापाचे फोटो, विकत घेतलेल्या थीम-प्लगिनचा परवाना कुणाच्या नावावर आहे, हे सगळं बिलासोबत घ्या.

तुमच्या जबाबदाऱ्या

साइटवरून नियमित माल विकत असाल, तर २०२० चे ई-कॉमर्सविषयीचे ग्राहक संरक्षण नियम पाहून घ्या. कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कुणाकडे करायची ते साइटवर द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवता येत नाही. तळपट्टीत या माहितीसाठी जागा आराखड्यातच सोडा.

तयार टेम्पलेटमध्ये ‘शेवटची एकच खोली’ किंवा उलटं मोजणारं घड्याळ असतं. ते खरं नसेल तर काढून टाका. खोटी घाई दाखवणं, शेवटच्या पायरीला दर वाढवणं या गोष्टी नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केलेल्या आहेत.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचं क्षेत्र. मानांकनाचं चिन्ह साइटवर लावायचं असेल, तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. आणि बुकिंगच्या फॉर्ममध्ये आधारचा फोटो मागू नका. नाव, फोन, तारीख एवढ्यावर आरक्षण होतं. लोकांची माहिती जितकी कमी साठवाल, तितकी जोखीम कमी.

पैसे देण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. डोमेन कुणाच्या नावावर नोंदणार?
२. दर मी स्वतः कसा बदलायचा ते शिकवणार का, आणि ते लिहून देणार का?
३. उद्या साइट दुसरीकडे न्यायची झाली तर काय काय सोबत येईल?
४. दरवर्षी होस्टिंग, डोमेन, परवाने मिळून किती खर्च येईल?
५. मराठी मजकूर भरून, खऱ्या फोनवर साइट दाखवणार का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकूनच व्यवहार ठरवा. देखणी पण तुम्हाला हात लावता येत नाही अशी साइट दोन हंगामांत शिळी होते. साधी, पण तुम्ही स्वतः सांभाळलेली साइट वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आणते.

आता एक काम करा. आज रात्री साइट उघडा, एका पेटीचा किंवा एका खोलीचा दर एका रुपयाने बदला, फोनवर जाऊन तो दिसतो का पाहा, आणि पुन्हा होता तसा करा. कुठे अडलात तर ती जागा कागदावर टिपा. डिझायनरशी बोलायला तोच कागद घेऊन बसा.